नागपूरचं ऊन आणि अकराचा आकडा

दक्षिण नागपुरातल्या एका शाळेत गणित शिकवणाऱ्या ४१ वर्षांच्या भगिनीचं पत्र आहे. थोडक्यात असं :

कोपरं, गुडघे आणि डोक्यात नऊ वर्षांपासून सोरायसिस. मलमं लावून दिवस काढले. मागच्या दिवाळीपासून सकाळी बोटं आखडलेली असतात, पहिला तास संपेपर्यंत खडू नीट धरता येत नाही. उजव्या टाचेत कळ येते. जानेवारीत डाव्या हाताची अनामिका एवढी सुजली की लग्नातली अंगठी इतवारीत सराफाकडे जाऊन कापून काढावी लागली. आरए फॅक्टर (संधिवातासाठीची एक रक्ततपासणी) निगेटिव्ह आला, म्हणून एका डॉक्टरांनी 'संधिवात नाही' असं सांगितलं. मग व्हिटॅमिन डी तपासलं, ते ११ निघालं. 'हेच कारण' म्हणून आठवड्याला एक अशी साठ हजार युनिटची १२ पुडकी घेतली. आता डी ३४ आहे. मांड्यांतला थकवा गेला, जिना चढताना बरं वाटतं, पण बोटं आणि टाच जशीच्या तशी. शेवटी संधिवाताच्या तज्ज्ञांनी सोरायटिक आर्थ्रायटिसचं (सोरायसिसच्या जोडीने येणाऱ्या संधिवाताचं) निदान करून मेथोट्रेक्सेट लिहून दिलं. ती चिठ्ठी तीन आठवडे पर्समध्येच आहे, कारण नेटवर शोधलं तर ती 'कॅन्सरची गोळी' निघाली. दिराने एक व्हिडिओ पाठवलाय : रोज चाळीस हजार युनिट डी घ्या, सोरायसिस आणि सांधे दोन्ही मुळापासून बरे. जाऊबाई म्हणतात, वांगं-दही बंद कर आणि ऊन खा. भगिनी विचारतात, 'रोज सकाळी सहाला फिरायला जाते, राहते नागपुरात, तरी माझं डी अकरा कसं? आधी ते साठ-सत्तरवर नेऊन बघू, की ही गोळी सुरू करू? आणि माझ्या बारा वर्षांच्या मुलीलाही हे होईल का?'

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मलाही अकराचाच आकडा दिसला. दुसऱ्यांदा मात्र एका ओळीपाशी थांबले. 'फिरायला जातानाही लांब बाह्या आणि लेगिंग घालते, कारण चट्टे दिसले की बाकावरच्या बाया सरकून बसतात.' ही ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत. अकराचं कोडं बरंचसं तिथेच सुटतं.

डीला जीवनसत्त्व म्हणतात खरं, पण त्याची वागणूक हार्मोनची. उन्हातले यूव्हीबी (अतिनील किरणांपैकी एक प्रकार) किरण उघड्या कातडीवर पडले की कातडी त्याचा कच्चा माल तयार करते, मग यकृत आणि मूत्रपिंड त्यावर एकेक संस्कार करतात. हे किरण दाट कापडातून फारसे जात नाहीत, खिडकीच्या काचेतून तर जवळपास नाहीच. आणि सकाळी सहाच्या कोवळ्या उन्हात ते नसल्यातच जमा. सूर्य तिरपा असला की त्यांना हवेचा एवढा जाड थर ओलांडावा लागतो की ते वाटेतच विरतात. माझ्या आजीचं 'कोवळं ऊन खा' चालून जायचं, कारण उरलेला दिवसही ती अंगणातच असायची. तुमचा उरलेला दिवस वर्गात आणि स्टाफरूममध्ये जातो.

एक सोपी खूण सांगते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हाचं ऊन डी देतं. म्हणजे सूर्य ४५ अंशांच्या वर. गणिताच्या बाईंना हे मी सांगायला नको. नागपुरात मेच्या अखेरीस तर भरदुपारी सावली पायाखालीच नाहीशी होते. पण त्या वेळी नागपूरकर असतो कुठे? नवतपात, म्हणजे त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या पुढे गेलेला, रस्ते ओस, खिडकीत वाळ्याचा कूलर घरघरतोय, आणि जी मुलगी नाइलाजाने स्कूटीवर निघालीय तिच्या दुपट्ट्यातून फक्त डोळे दिसतात, तेही गॉगलमागे. ऊन इतकं आहे म्हणूनच तर आपण ते टाळतो. त्यातून आपली कातडी सावळी. गोऱ्या कातडीपेक्षा तिला तेवढंच डी करायला जास्त वेळ लागतो. जेवणातून भर पडावी तर वरण-भात-पोळी-भाजीत डी जवळपास शून्य, अंड्याच्या बलकात थोडं, आणि दुधाच्या पिशवीवर 'ए आणि डी युक्त' लिहिलेलं असेल तर त्यात थोडं. तेव्हा नागपुरात राहून डी अकरा, यात मला नवल वाटत नाही. माझ्या दवाखान्यात असे रिपोर्ट रोजचे आहेत.

आता दुसरं गृहीतक, ज्यावर तुमचा पुढचा सगळा बेत उभा आहे : डी कमी होतं म्हणून सांधे धरले. सोरायटिक आर्थ्रायटिसच्या रुग्णांमध्ये डी कमी सापडतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. पण तुमच्या वर्गात गणितात कच्ची असलेली मुलंच जास्त करून शिकवणीला जातात ना? म्हणून शिकवणीमुळे गणित कच्चं होतं असं आपण म्हणत नाही. (काही शिकवण्यांबद्दल म्हणायला हरकत नाही, पण तो विषय वेगळा.) इथेही बाण उलटा असू शकतो. चट्टे आले, म्हणून तुम्ही अंग झाकलं. अंग झाकलं, म्हणून ऊन तुटलं. सांधे दुखतात, म्हणून बाहेर जाणं कमी झालं. शिवाय शरीरात दाह पेटलेला असला की रक्तातली डीची पातळी त्या दाहानेच खाली येते, आणि वजन जास्त असेल तर डी चरबीत जाऊन बसतं. म्हणजे ज्याला आपण चोर समजून धरलं, त्याचंच घर फुटलेलं असू शकतं. डी भरून काढायलाच हवं, ते तुम्ही काढलंत, उत्तम केलंत. पण त्यालाच आरोपी ठरवून बसलो तर चोर सोडून संन्याशाला सुळी व्हायची.

आणि ताई, तुम्ही नकळत एक प्रयोग करून बसल्या आहात, त्याचं उत्तरही तुमच्याच पत्रात आहे. डी फार कमी झालं की हाडं आतून मऊ पडतात आणि मांड्या-खांद्यांतली ताकद जाते. पाटावरून उठताना हाताचा टेकू घ्यावा लागतो, जिना जड जातो, नडगी दाबली तर दुखते, कंबर दिवसभर ठणकते. हे दुखणं पसरट असतं, 'अमुक ठिकाणी' म्हणून बोट ठेवता येत नाही. ते तुमचं १२ पुडक्यांत गेलं. जे राहिलं ते बघा : उठल्यावर तासभर आखडलेली बोटं, एकच बोट मुळापासून टोकापर्यंत गाजरासारखं सुजलेलं, टाचेमागे, जिथे पोटरीची शीर हाडाला चिकटते नेमक्या त्या जागी कळ. हे डीच्या कमतरतेचं दुखणं नाही, ही सोरायटिक आर्थ्रायटिसची ओळखपत्रं आहेत. एकदा उजेडात नखंही बघा. शिंप्याच्या अंगुस्तान्यावर असतात तसे बारीक खड्डे, किंवा नख टोकाकडून सुटून आलेलं दिसलं तर तेही याच घरचं. आरए फॅक्टर या आजारात बहुतेकांचा निगेटिव्हच येतो. तो निगेटिव्ह आला म्हणून 'संधिवात नाही' म्हणणं म्हणजे आंब्याच्या झाडाला संत्री नाहीत म्हणून ते झाडच नाही म्हणण्यासारखं.

हे मी उपदेशाच्या सुरात लिहितेय, पण चूक माझ्याही हातून झाली आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी टाच दुखते म्हणून एक एसटी कंडक्टर माझ्याकडे यायचे. दिवसभर उभं राहायचं काम, म्हणून मी मऊ चपला दिल्या, गरम पाण्यात पाय ठेवायला सांगितलं, कॅल्शियम आणि डीही दिलं. वर्षभर हेच. एक दिवस त्यांनी डोकं खाजवायला टोपी काढली आणि कानामागे, केसांच्या कडेला जाड पांढरी खपली दिसली. वर्षभरात मी त्यांना टोपी काढायला एकदाही सांगितलं नव्हतं. तोवर त्यांच्या डाव्या पायाचं एक बोट कायमचं वाकडं झालं होतं. तेव्हापासून टाचेचा रुग्ण आला की मी आधी कोपर, डोकं आणि नखं बघते.

पण डी आणि सोरायसिस यांचा काहीच संबंध नाही, असंही नाही, आणि दिरांचा व्हिडिओ अगदी हवेतून आलेला नाही. १९८५ साली जपानमधल्या ओसाकात एका रुग्णाला हाडं ठिसूळ झाली म्हणून डीचं एक सक्रिय रूप दिलं होतं. औषध हाडांसाठी, पण त्यांचा सोरायसिस साफ झाला. तो धागा धरून संशोधन झालं आणि कॅल्सिपोट्रायॉलचं मलम आलं. त्वचारोगतज्ज्ञांनी तुम्हाला ते कधीतरी दिलं असेलच. ट्यूब शोधून नाव वाचा. ते डीचंच भावंड आहे आणि कातडीच्या पेशींची बेसुमार वाढ आवरतं. (आठवड्याला १०० ग्रॅमच्या वर लावायचं नाही, हेही त्याच कारणाने : कातडीतून आत जाऊन कॅल्शियम वाढवू शकतं.) म्हणजे कातडीच्या बाबतीत डीचा शब्द चालतो. सांध्यांच्या बाबतीत? १९९० मध्ये अमेरिकेत सोरायटिक आर्थ्रायटिसच्या १० रुग्णांना डीचं सक्रिय रूप पोटातून देऊन पाहिलं. काहींचे सांधे खरंच हलके झाले. पण रुग्ण दहाच, तुलनेला दुसरा गट नाही, आणि काहींच्या लघवीतून कॅल्शियम इतकं जायला लागलं की पुरेसा डोस देताच आला नाही. दहा मुलांच्या निकालावरून तुम्ही शाळेचा अभ्यासक्रम बदलणार नाही.

मोठा अभ्यास आहे तो २०२२ चा, अमेरिकेतला. पन्नाशीच्या पुढची २५,८७१ माणसं, रोज २,००० युनिट डी किंवा तशीच दिसणारी खोटी गोळी, पाच वर्षांहून अधिक काळ. शरीर स्वतःवरच उलटतं अशा आजारांची नवी प्रकरणं डीच्या गटात १२३ आणि दुसऱ्या गटात १५५ निघाली, म्हणजे २२ टक्क्यांनी कमी. हा निकाल चांगला आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण वाक्य नीट वाचा : नवी प्रकरणं. आजार नसलेल्यांना तो होऊ नये म्हणून काय घडलं, त्याचा हा हिशेब आहे. पेटलेली आग डीने विझते का, हा प्रश्नच त्यांनी विचारला नव्हता. आणि डोस बघा. रोजचे २,००० म्हणजे महिन्याला ६०,०००, आपलं एक पुडकं. बस्स, तेवढंच.

आता चाळीस हजारांचं गणित करू. तुम्ही तीन महिन्यांत १२ पुडकी घेतलीत, म्हणजे ७ लाख २० हजार युनिट. रोज चाळीस हजार घेतले तर तेवढे १८ दिवसांत होतात, आणि व्हिडिओवाला सहा महिने म्हणतोय. निरोगी प्रौढाची रोजची गरज ६०० युनिटच्या आसपास. देखरेखीशिवाय रोज घेण्याची वरची मर्यादा ४,०००. चाळीस हजार म्हणजे त्याच्या दहापट. या पद्धतीच्या बाजूने नेहमी दाखवतात तो ब्राझीलमधला अभ्यास २०१३ चा : रोज ३५,००० युनिट, सोरायसिसचे रुग्ण नऊ, तुलनेला गट नाही. आणि त्या नऊ जणांना दूध-दही-पनीर बंद होतं, दिवसाला अडीच लिटर तरी पाणी प्यायची सक्ती होती, कारण एवढ्या डीने कॅल्शियम चढणार हे त्यांनाही ठाऊक होतं. दिरांना विचारा, व्हिडिओत दुधाचं पथ्य सांगितलंय का.

कॅल्शियम चढलं की काय होतं ते मी जवळून पाहिलंय. आमच्याच गल्लीतले एक निवृत्त आजोबा. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' लिहिलेलं, आजोबांनी पुडकी रोज घेतली, दीड-दोन महिने. ताकद येते म्हणून. मग तहान थांबेना, रात्री पाच-सहा वेळा लघवीला उठणं, बद्धकोष्ठ, जेवण समोर आलं की मळमळ. घरच्यांना वाटलं, उन्हाळा बाधला. कांद्याचा रस झाला, पन्हं झालं. मुलाला ते नातवाच्या नावाने हाक मारायला लागले तेव्हा माझ्याकडे आणलं. डी १५० च्या वर, कॅल्शियम चढलेलं, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) दुप्पट. आठवडाभर सलाईनवर होते. वाचले, पण मूत्रपिंडं पहिल्यासारखी झाली नाहीत. डी चरबीत साठतं, त्यामुळे पुडकी बंद केल्यावरही ते आठवडेच्या आठवडे अंगात राहतं. पाणी प्यायलं आणि निघून गेलं असं होत नाही. मोठ्या डोसची इंजेक्शनं घेत राहणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं असतं.

तेव्हा साठ-सत्तरचं विसरा. ३४ पुरेसं आहे. २० च्या वर बहुतेकांच्या हाडांचं भागतं, ३० च्या वर तर सहसा कुणी तक्रार करत नाही. ते तिथे टिकवायला महिन्याला एक पुडकं, जेवणानंतर, दुधासोबत (स्निग्ध पदार्थाबरोबर ते नीट शोषलं जातं), आणि तेही तुमच्या डॉक्टरांना विचारून. मुतखडा होऊन गेला असेल तर ते त्यांना आधी सांगा. दर महिन्याला तपासणी करून हजार-दीड हजार घालवू नका.

राहिली पर्समधली चिठ्ठी.

'कॅन्सरची गोळी' हे खोटं नाही, अर्धवट आहे. मेथोट्रेक्सेट कॅन्सरमध्ये वापरतात तेव्हा डोस कितीतरी पट मोठे असतात. सांध्यांसाठी ते आठवड्याला ७.५ पासून २५ मिलिग्रॅमपर्यंत देतात. सोरायसिससाठी ते १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे, म्हणजे तुमच्या जन्माच्या आधीपासून. व्हिटॅमिन म्हणजे अन्न आणि गोळी म्हणजे विष, अशी आपल्या मनात वाटणी झालेली असते. आजोबांचं पुडकं आठवा आणि ती वाटणी सोडा. मेथोट्रेक्सेटचं सगळ्यांत जास्त भय बाळगावं ती जागा आजोबांच्याच चुकीची : आठवड्याची गोळी रोज घेणं. त्याने माणूस दगावतो. म्हणून वार ठरवा. घरातल्या कॅलेंडरवर त्या वारांना खूण करा, आणि मुलीलाही सांगून ठेवा की आईची ही गोळी फक्त रविवारी. सोबत फॉलिक ॲसिड देतात, ते डॉक्टर सांगतील त्या दुसऱ्या वारी.

सुरू करण्याआधी रक्त, यकृत, क्रिएटिनिन, कावीळ बी आणि सी, छातीचा एक्स-रे. सुरू केल्यावर पहिले काही महिने थोड्या थोड्या आठवड्यांनी रक्ताची तपासणी, मग दोन-तीन महिन्यांनी. दारूचा प्रश्न तुमच्या बाबतीत नसावा, पण हे वाचणाऱ्या भाऊंना सांगते : ही गोळी आणि दारू एकत्र नाही. मूल हवं असेल, किंवा राहण्याची शक्यता असेल, तर ते आधी डॉक्टरांशी बोला. या गोळीवर असताना गर्भ राहता कामा नये. तोंडात फोड आले, ताप आला, कोरडा खोकला आणि धाप लागली, तर पुढची गोळी न घेता फोन करा. आणि लघवीच्या जळजळीसाठी कुणी अँटिबायोटिक लिहून दिलं तर 'मी मेथोट्रेक्सेटवर आहे' हे सांगा, कारण ट्रायमेथोप्रिम असलेल्या गोळ्यांशी त्याचं जमत नाही. डीशी मात्र त्याचं भांडण नाही, दोन्ही चालू राहू शकतात. म्हणजे तुमचा 'हे की ते' हा प्रश्नच खरा नव्हता.

गोळी रामबाण आहे असं मी म्हणणार नाही. घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी काहींना मळमळतं, आणि गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. कातडीवर ती बरी चालते, सांध्यांवर काहींना छान आणि काहींना जेमतेम. २०१२ च्या एका ब्रिटिश अभ्यासात १५ मिलिग्रॅमच्या डोसने सुजलेल्या सांध्यांत खोट्या गोळीपेक्षा ठळक फरक दिसला नव्हता. तरी आपल्याकडे सुरुवात बहुधा हिच्यापासून होते, कारण ती स्वस्त आहे, जुनी आहे, तिच्या सगळ्या खोड्या डॉक्टरांना पाठ आहेत. तीन-चार महिन्यांत भागलं नाही तर पुढच्या पायऱ्या आहेत, इंजेक्शनं आहेत. ती सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात आणि खर्चही मोठा असतो, पण आता भारतात बनलेली, तुलनेने स्वस्त आवृत्तीही मिळते. खर्चाची अडचण असेल तर मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत विचारा. रांग लागते, डबा घेऊन जा.

थांबून बघण्याचा तुमचा बेत मला का नको वाटतो, तेही सांगते. डब्लिनमधल्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये त्यांच्या रुग्णांचा हिशेब मांडला. दुखणं सुरू झाल्यापासून संधिवाततज्ज्ञांपर्यंत पोचायला सहा महिन्यांहून जास्त उशीर झालेल्यांचे सांधे पुढे जास्त झिजलेले, जास्त वाकलेले निघाले. तुमचं दिवाळीपासून आहे. ते सहा महिने तपासण्यांत आणि डीत गेले, आता आणखी सहा घालवायला शिल्लक नाहीत. झिजलेलं हाड डीने भरून येत नाही आणि मेथोट्रेक्सेटनेही नाही. माझ्या त्या कंडक्टरांचं बोट आजही वाकडंच आहे.

तुमच्या मनात तरी शंका राहिली असेल तर गोळी सुरू न करता व्हिडिओ बघत बसण्यापेक्षा त्याच तज्ज्ञांकडे परत जा. चिठ्ठी पर्समध्ये का राहिली ते सरळ सांगा. चांगला डॉक्टर रागावत नाही, आणि रागावला तर दुसरा बघा. धंतोली-रामदासपेठेत पाट्यांना तोटा नाही. जाताना दोन गोष्टी न्या. एक, सकाळी उठल्याबरोबर काढलेले हातांचे फोटो, कारण दुपारी बाराच्या अपॉइंटमेंटपर्यंत तुमची बोटं शहाण्यासारखी वागायला लागतात. दोन, आखडणं किती मिनिटं टिकतं याची पंधरा दिवसांची नोंद. 'खूप वेळ' नको, मिनिटं. आणि मधल्या काळात कुणी मुळापासून बरं करणारी पुडी आणून दिली, चार दिवसांत चमत्कार झाला, तर समजा की त्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता आहे. ते अचानक बंद झालं की सोरायसिस अंगभर उसळतो.

उन्हाचं म्हणाल तर जाऊबाई अर्ध्या बरोबर आहेत. ऊन सोरायसिसच्या कातडीला मानवतं. त्वचारोग विभागात यूव्हीबीच्या दिव्यांचा शेक देतात तो याचाच मोजून-मापून केलेला प्रकार. सांध्यांना मात्र त्याचा विशेष उपयोग नाही. आणि हे ऊन नवतपात खायचं नाही! भाजलेल्या, ओरखडलेल्या कातडीवर सोरायसिस नवे चट्टे उठवतो. पाऊस जाऊ द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत अकरा ते एकच्या मधे, आठवड्यातून तीन-चार दिवस, गच्चीवर वीस मिनिटं, हात आणि पाय उघडे. मेथोट्रेक्सेट चालू असेल तर हे डॉक्टरांना विचारून, कारण काहींची कातडी त्यावर उन्हाला हळवी होते. गच्ची यासाठी की तिथे सरकून बसणाऱ्या बाया नसतात. तसं बाकावरच्या बायांनाही एकदा सांगून बघा की हे लागट नाही, कुणाला लागत नाही. त्यांतली एखादी तिच्या बहिणीच्या कोपराबद्दल विचारेल, पैज लावते.

मुलीचं. आई-वडिलांपैकी एकाला सोरायसिस असला तर मुलांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो, पण बहुतेकांना तो होत नाही. होऊ नये म्हणून तिला साठ हजारांची पुडकी देऊ नका; मघाचा अमेरिकन अभ्यास पन्नाशीच्या पुढच्यांचा होता. तिला संध्याकाळी चारला मैदानावर जाऊ द्या, वजन आटोक्यात राहू द्या. डोक्यातला कोंडा हटत नसेल किंवा नखांवर खड्डे दिसले तर दाखवा. तुमच्या बाह्या लांब का असतात, हे तिने अजून विचारलं नसेल तर तुम्हीच सांगा. बारा वर्षांच्या मुलींना सगळं दिसत असतं.

ता. क. वांग्याबद्दल विचारलंत. वांगं आणि सोरायटिक आर्थ्रायटिस यांचं वैर मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही, दह्याचंही नाही. एखादा पदार्थ खाऊन तुम्हाला स्वतःला दर वेळी त्रास होत असेल तर सोडा, जाऊबाईंच्या सांगण्यावरून नको. थंडीत वांगी भाजा, हिरवी मिरची आणि कांद्याची पात घालून भरीत करा, आणि ताट घेऊन बारा वाजता गच्चीवर जा. बाह्या वर करून.